आधी धाप, मग डाग

‘ताई, माझं वय २४. दीड वर्षापूर्वी नोकरीला लागले. दोन मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहते. पगारातला अर्ध्याहून जास्त भाग घरी पाठवते. भाडं आणि जेवणखाण गेलं की हातात फार काही उरत नाही. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला सारखे पिंपल येतात, जुन्यांचे डाग जात नाहीत. वर्षभरात सात-आठ सीरम, टोनर, मास्क घेतले. एकही बाटली संपली नाही. ओळखीच्या एका बाईंनी साध्या डबीत पांढरं क्रीम दिलंय, ते तीन महिने रोज रात्री लावते. त्यानं चेहरा उजळतो, पण एक रात्र चुकली तरी चुरचुरतं आणि लाल होतं. केस तर मूठमूठ गळतात. सकाळी उठवत नाही, दोन जिने चढले की धाप लागते, पाळीत पहिले तीन दिवस फार जातं. पण ते सगळं कामाच्या दगदगीमुळे असेल. दोन महिन्यांनी जिवलग मैत्रिणीचं लग्न आहे. कमी पैशांत रोज काय करावं ते सांगाल का? आणि आई म्हणते, हे सगळे चोचले आहेत. खरंच आहेत का?’

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या वाचनात मलाही ते पिंपलचं आणि डागांचंच पत्र वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र ‘ते सगळं कामाच्या दगदगीमुळे असेल’ या वाक्यापाशी मी अडले. चोविसाव्या वर्षी दोन जिने चढून धाप लागत नाही गं. लागत असेल तर त्याला काहीतरी कारण असतं आणि ते शोधायला हवं. म्हणून तू विचारलंस त्या क्रमाने मी उत्तर देणार नाही. आधी धाप, मग ती पांढरी डबी, आणि मग रोजचा चेहरा.

उद्या सकाळी चांगल्या उजेडात आरशासमोर उभी राहा आणि खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढ. आतली बाजू लालसर दिसायला हवी. ती फिकट, पांढुरकी दिसली तर अंगात रक्त कमी असण्याची बरीच शक्यता आहे. लालसर दिसली तरी तपासणी टाळू नकोस, कारण डोळ्यांना दिसण्याइतकं रक्त कमी होईपर्यंत शरीराने पुष्कळ सोसलेलं असतं. जगभरात १५ ते ४९ वयाच्या दर दहा बायकांपैकी साधारण तिघींना रक्तक्षय असतो. गरोदर नसलेल्या बाईच्या १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. थकवा, धाप, केस गळणं आणि पाळीत खूप जाणं या चार गोष्टी तू एकाच पत्रात, पण सुट्या सुट्या लिहिल्या आहेस. मला त्या एकाच दोऱ्यात ओवलेल्या दिसतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. पहिल्या नोकरीत असताना रोज न्हाणीघराच्या जाळीवर माझ्या केसांचा पुंजका साचायचा. मी तो बोटांनी गोळा करायचे आणि कुणाला दिसू नये म्हणून कागदात गुंडाळून टाकायचे. सहा महिने मी शाम्पू बदलत राहिले, तेलं बदलत राहिले, डोक्याला लावायच्या महागड्या कुप्या आणल्या. शेवटी भलत्याच कारणासाठी रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ८.४ निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. पहिल्या महिन्यात जिना सोपा झाला. केसांना मात्र त्यानंतर चार-पाच महिने लागले. त्या कुप्यांच्या पैशांत माझ्या तपासण्या कितीतरी वेळा झाल्या असत्या, हे मला अजून टोचतं. तुझ्याकडून ते होऊ नये म्हणून एवढं खुलवून लिहिते आहे.

तर या महिन्यात हातात जे उरेल त्यातला पहिला खर्च हा. जनरल डॉक्टरांकडे जा आणि त्यांना ही चारही लक्षणं एकत्र सांग. ते बहुधा हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच तपासायला सांगतील. फेरिटिन म्हणजे शरीरात साठवलेलं लोह. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही ही साठवण रिकामी झालेली असू शकते, आणि केस गळायला तेवढं कारण पुरतं. सरकारी रुग्णालयात या तपासण्या स्वस्तात होतात. गोळ्या मात्र मैत्रिणीच्या सांगण्यावरून सुरू करू नकोस, कारण लोह गरजेपेक्षा जास्त झालं तरी त्रास होतो. डॉक्टरांनी दिल्याच, तर चहा-कॉफी आणि गोळी यांच्यात दोन तासांचं अंतर ठेव. चहा-कॉफीमुळे लोह नीट शोषलं जात नाही.

पाळीबद्दल ‘फार जातं’ एवढंच सांगून थांबू नकोस. दर तासा-दोन तासाला पॅड भिजून बदलावं लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील किंवा सात दिवसांहून जास्त रक्तस्राव होत असेल, तर नेमकं तसंच सांग. या पाळीत किती पॅड लागले ते रोजच्या रोज मोबाइलमध्ये टिपून ठेव. डॉक्टरसुद्धा आकडा ऐकला की वेगळ्या कानाने ऐकतात. पाळीच्या तारखा मागेपुढे होत असतील, हनुवटीवर जाड केस येत असतील आणि जबड्याच्या कडेचे पिंपल हटत नसतील, तर तेही सांग. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पीसीओएस, म्हणजे बीजकोशांशी आणि हार्मोन्सशी संबंधित बिघाड, आहे का ते बघावं लागतं, आणि तो असेल तर बाहेरून कितीही चोपडलं तरी पिंपल परत येत राहतात.

आता ती पांढरी डबी.

बिनलेबलचं क्रीम, पहिल्या काही आठवड्यांत चेहरा गुळगुळीत आणि उजळ, आणि एक रात्र चुकली की आग. हे वर्णन मी याआधी अनेक पत्रांत वाचलंय आणि ते वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो. अशा क्रीममध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी त्यांची नावं. ही चांगली औषधं आहेत, इसबासारख्या आजारात थोडे दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरायची. निरोगी चेहऱ्यावर महिनोन् महिने लावली तर कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पिंपल वाढतात, काहींच्या गालांवर लव वाढते. सोडायला गेलं की चेहरा पेटतो, म्हणून बाई पुन्हा लावते, आणि पुन्हा लावलं की शांत वाटतं. तू नेमकी या चक्रात असावीस असं मला वाटतं.

दुसरी भीती पाऱ्याची. त्वचा उजळवणाऱ्या काही क्रीममध्ये पारा घातलेला असतो, कारण तो त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार होण्याची क्रिया दाबतो. तो त्वचेतून आत जातो, मूत्रपिंडांना आणि मज्जासंस्थेला इजा करतो, आणि टॉवेल-उशीमार्फत त्याच खोलीत राहणाऱ्या इतरांपर्यंतही पोचतो. जपानमधल्या मिनामाता शहरात १९५६ साली पाऱ्याची विषबाधा उघडकीला आली. त्या शहराचं नाव दिलेला आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये अमलात आला, आणि पारा घातलेली सौंदर्यप्रसाधनं बंद करणं हा त्याचा एक भाग आहे. इतकं होऊनही बिनलेबलच्या डब्या हातोहात फिरतातच, कारण त्या देणाऱ्या बाईलासुद्धा आत काय आहे ते माहीत नसतं. तुझ्या ओळखीच्या बाईंचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही.

याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि डबी बरोबर ने. लाज वाटून ती घरी ठेवून जाऊ नकोस. तीन महिने रोज लावलंय हे स्पष्ट सांग. क्रीम एका दिवसात बंद करायचं की हळूहळू, मधल्या काळात दुसरं काय द्यायचं, हे ते चेहरा बघून ठरवतील. काही आठवडे चेहरा आहे त्यापेक्षा वाईट दिसेल. तेव्हा घाबरून पुन्हा त्या डबीकडे जाऊ नकोस. खोलीतल्या मैत्रिणीला आधीच सांगून ठेव, म्हणजे तुझा धीर सुटला तर तिला कळेल की काय चाललंय.

आणि एक. तुझ्या पत्रात ‘डाग जात नाहीत’ असंही आहे आणि ‘चेहरा उजळतो’ असंही आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिंपल बरा झाल्यावर मागे राहिलेला डाग कमी करता येतो, त्यावर इलाज आहेत. तुझा जन्माचा रंग हा आजार नाही आणि त्यावर कुणी इलाज विकत असेल, तर ते तुझ्या मनातली बोच विकत घेतंय आणि तुलाच परत विकतंय. मला याची चीड येते, म्हणून जरा चढ्या आवाजात लिहिलं.

रोजच्या चेहऱ्यासाठी तुला तीनच वस्तू लागतात. सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. डॉक्टर हो म्हणेपर्यंत तर या तिघांशिवाय चौथं काहीही चेहऱ्याला लावायचं नाही.

फेसवॉश बिनवासाचा, फार फेस न होणारा घे. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच (आम्लता सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) पाचाच्या आसपास. अंगाच्या साबणाच्या वडीचा नऊ-दहा. म्हणून वडीने तोंड धुतल्यावर कातडी ताणल्यासारखी, करकरीत वाटते. आपल्याला ती स्वच्छता वाटते, पण त्वचेचं स्वतःचं तेल धुऊन गेल्याची ती खूण असते. रात्री एकदा फेसवॉशने, सकाळी नुसत्या पाण्याने धू. पाणी कोमट किंवा गार, कढत नको. टॉवेल घासू नकोस, टिपून घे. आणि तोंडाचा टॉवेल वेगळा ठेव. तिघींच्या खोलीत हे जरा अवघड असतं, तरी ठेव.

चेहरा अजून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं. कोरड्या चेहऱ्यावर लावण्यापेक्षा कमी पुरतं आणि ओल आत राहते. ग्लिसरीन असलेलं कुठलंही साधं लोशन चालेल, महाग आणि स्वस्त यांतला फरक बहुतेक वेळा वासाचा आणि बाटलीचा असतो. चेहरा तेलकट असला तरी हे सोडू नकोस, जेलसारखं हलकं घे. ओठ, टाचा, कोपरं यांना पेट्रोलियम जेली. तिचं पेटंट १८७२ सालचं आहे आणि ओल धरून ठेवण्यात अजूनही तिचा हात धरणारं फारसं काही निघालेलं नाही. डोळ्यांखालचं वेगळं क्रीम, मानेचं वेगळं, रात्रीचं वेगळं, यांतलं काहीच तुला नको आहे.

सनस्क्रीनवर मात्र कंजुषी करू नकोस. तुझे डाग जात नाहीत त्याचं मोठं कारण ऊन असणार. पिंपलच्या जागी जी सूज येते ती उतरताना मागे रंग सोडून जाते, आणि उन्हाने तो रंग गडद होत राहतो. म्हणजे रात्री डाग घालवायचं सीरम लावायचं आणि दिवसा उघड्या चेहऱ्याने उन्हात जायचं हे फुटक्या घागरीत पाणी भरण्यासारखं आहे. एसपीएफ म्हणजे बाटलीवरचा संरक्षणाचा आकडा. एसपीएफ ३० नीट लावलं तर त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी साधारण ९७ टक्के अडवतं, ५० असेल तर ९८ टक्के. म्हणजे फरक एका टक्क्याचा. खरा फरक पडतो तो किती लावतो त्याने. बाटलीवरचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम एवढा जाड थर लावून मोजलेला असतो आणि आपण सहसा त्याच्या निम्मंही लावत नाही. सोपं माप असं: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत सनस्क्रीनची एकेक रेघ काढायची. तेवढं चेहरा आणि मानेला मिळून. पहिल्यांदा काढशील तेव्हा हे फारच झालं असं वाटेल. अर्ध्या-अर्ध्या मापात दोनदा लाव, म्हणजे पांढरं दिसत नाही.

म्हणून पन्नास आकड्याची महागडी छोटी नळी पुरवून पुरवून वापरण्यापेक्षा तीसची साधी मोठी नळी सढळ हाताने वापरलेली बरी. वेष्टनावर यूव्हीए किरणांपासूनही संरक्षण असल्याचं लिहिलेलं असावं. डाग गडद करण्यात त्या किरणांचा हात असतो आणि ते खिडकीच्या काचेतूनही येतात, तेव्हा तुझी बसायची जागा खिडकीशी असेल तर ऑफिसातही लावायला हवं. दिवसभर खिडकीपासून लांब, आत बसत असशील तर सकाळी घराबाहेर पडण्याआधी एकदा पुरे. उन्हात फिरायचं असेल तर दर दोन तासांनी. आणि छत्री, टोपी, ओढणी यांना जाहिरात नसते म्हणून त्या कमी कामाच्या नाहीत. एकदा घेतल्या की वर्षानुवर्षं फुकट सावली देतात.

पिंपलसाठी औषध कधी सुरू करायचं ते त्वचारोगतज्ज्ञ सांगतील. आधी त्या क्रीमचा अंमल उतरू दे. पुढे त्यांनी बेन्झॉइल पेरॉक्साइड सुचवलं तर २.५ टक्क्यांचं चालेल का असं विचार. ते पाच-दहा टक्क्यांच्या बरोबरीने काम करतं आणि जळजळ कमी होते. फक्त त्याने कपड्यांचा रंग उडतो. निळ्या उशीच्या अभ्र्यावर गालाच्या आकाराचा पांढरट ठिपका उमटतो, आणि तो धुऊन जात नाही. म्हणून पांढरा अभ्रा आणि पांढरा टॉवेल वापर. कुठलंही औषध सुरू केलं की त्याला आठ ते बारा आठवडे द्यायचे. त्वचेचा वरचा थर नवा व्हायलाच महिना-दीड महिना लागतो. तुझ्या सात-आठ बाटल्यांपैकी एकीलाही एवढा वेळ मिळालेला नाही. त्यातली एखादी चांगलीही असेल, पण तू तिला पंधरा दिवसांत बाजूला सारलंस, आणि लगोलग दुसरी आली.

त्या बाटल्या टाकू नकोस, आधी एका ओळीत मांड. मागे उघड्या डबीचं एक छोटं चित्र असतं आणि त्यात ६एम किंवा १२एम असं लिहिलेलं असतं. उघडल्यापासून इतके महिने वापरायचं, असा त्याचा अर्थ. मुदत संपलेल्या, वास किंवा रंग बदललेल्या बाटल्या काढून टाक. उरलेल्यांत नायसिनामाइडचं सीरम असेल तर तेवढं बाजूला ठेव. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर डागांसाठी ते उपयोगी पडेल, चार-पाच टक्के पुरेत. पण कुठलीही गोष्ट तोंडाला लावण्याआधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला रोज लावून बघ. बाकीचं मैत्रिणींना हवं असेल तर दे.

यापुढे काही घेताना घटकांची यादी वाच. ज्याचं प्रमाण जास्त त्याचं नाव आधी, अशा क्रमाने ती लिहिलेली असते, फक्त एक टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कसेही लिहिता येतात. तिथे फिनॉक्सिइथेनॉल नावाचं एक टिकाऊपणाचं रसायन बऱ्याचदा दिसेल, ते जास्तीत जास्त एक टक्का घालतात. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ज्या फुलाचं किंवा मुळीचं नाव छापलंय ते यादीत त्याच्या मागे आलं असेल, तर त्या फुलाचा थेंबभर अंश तेवढा आत आहे. आणि किंमत बाटलीची बघू नकोस, भागाकार करून दर मिलिलिटरची बघ. दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर हा हिशेब केलास तर निम्म्या वस्तू तिथल्या तिथे परत ठेवशील.

घरगुती म्हणून लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट यांतलं काही चेहऱ्याला लावू नकोस. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो, आणि तो लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे चट्टे पडतात. स्वस्त आहे पण महागात जातं.

केसांचं थोडक्यात. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं हे सगळ्यांचं असतं. त्याहून जास्त गळत असतील तर दोन-तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं ते आठव. ताप, उपासमार, मोठा ताण यांचा परिणाम केसांवर तेवढ्या उशिराने दिसतो. केस वाढतात महिन्याला सेंटिमीटरभर, त्यामुळे घाई करून उपयोग नाही. शाम्पू टाळूला लावायचा, कंडिशनर फक्त टोकांना. ओले केस ताणले तर तुटतात, तेव्हा रुंद दातांचा कंगवा घेऊन खालच्या टोकापासून गुंता सोडवत वर जा. कोंडा असेल तर केटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, आणि लावून पाच मिनिटं थांबायचं. लगेच धुतला तर पैसे पाण्यात. कोंड्यावर तेल चोपडू नकोस, ज्या बुरशीमुळे कोंडा होतो ती तेलावरच पोसते.

गुप्तांगासाठी सुवासिक वॉश घेत असशील तर आजपासून बंद कर. योनी स्वतःची स्वच्छता स्वतः करते, बाहेरून साधं पाणी पुरतं. तेवढे पैसे वाचले. वास बदलला किंवा खाज आली तर ते डॉक्टरांना दाखवायचं.

झोपेबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण तिघी एका खोलीत म्हटल्यावर मी अंदाज करू शकते. एकीची शिफ्ट, एकीचा फोन, एकीचा दिवा. तुझ्या वयाला सात ते नऊ तास झोप लागते. झोपायची वेळ तुझ्या हातात नसेल तर उठायची वेळ पक्की कर, सुट्टीच्या दिवशीसुद्धा तीच. काही दिवसांनी शरीर आपोआप त्या हिशेबाने पेंगायला लागतं. संध्याकाळनंतर कॉफी नको. प्यायल्यानंतर पाच-सहा तासांनीही तिचा निम्मा अंश रक्तात असतो. डोळ्यांवर बांधायला मऊ कापडाची पट्टी शिव, कानात घालायचे बोळे घे. सगळ्या सौंदर्यप्रसाधनांत मिळून एवढं स्वस्त आणि एवढं गुणकारी काही नाही. मैत्रिणींशी बोलून रात्री ठरावीक वेळेनंतर मोठा दिवा बंद, एवढं एक ठरवून टाका. त्यांनाही ते हवंच असेल, कुणीतरी आधी बोलायला हवं.

चालणं सुरू कर, पण तपासणीचा निकाल आल्यावर. आठवड्याला दीडशे मिनिटं जरा भरभर चाललं तरी पुष्कळ झालं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. रक्त कमी असताना स्वतःला दामटू नकोस.

आता आईचं. आई चोचले म्हणते तेव्हा बहुधा तिला त्या सात-आठ बाटल्या दिसत असतात, आणि तेवढ्यापुरती ती चूक नाही. पण तू ज्याला स्वतःची काळजी म्हणतेस त्यात रक्ताची तपासणी, झोप आणि उन्हापासून संरक्षण हे आहे, असं तिला सांगून बघ. धाप लागते हेही सांग. तू ते तिच्यापासून लपवलं असणार, तिला घोर लागू नये म्हणून. घराला पैसे पाठवणाऱ्या मुली हे करतात, आणि मग त्यांचं दुखणं सगळ्यांत शेवटी कळतं. महिन्याच्या सुरुवातीला, घरी पैसे पाठवताना, त्याच वेळी एक लहानशी रक्कम स्वतःच्या नावाने बाजूला काढ. उरलं तर, असं नाही. आधीच. त्या रकमेतून एक वस्तू संपल्याशिवाय दुसरी घ्यायची नाही एवढाच नियम. एखाद्या महिन्यात त्यातून काहीच घ्यावं लागलं नाही, तर ते पुढच्या तपासणीला राहू दे. आणि कधी त्यातून एखादी लिपस्टिक घेतलीस, केवळ रंग आवडला म्हणून, तर तीही मनापासून लाव. तिचं कुणालाही स्पष्टीकरण द्यायचं नाही.

राहिलं मैत्रिणीचं लग्न. दोन महिन्यांत डाग पूर्ण जाणार नाहीत, हे आत्ताच सांगते. ते क्रीम सोडल्याची लाली मात्र बरीच उतरलेली असेल आणि रक्त कमी निघालं तर औषधाने चेहऱ्यावरचा फिकटपणा कमी झालेला असेल. लग्नाआधी पंधरा दिवस नवीन काहीही करायचं नाही. नवीन क्रीम नाही, फेशियल नाही, ब्लीच तर नाहीच. भुवया करायच्या असतील तर चार दिवस आधी, त्या दिवशी सकाळी नको. आदल्या रात्री गप्पा रंगतील, त्या सोडून झोप असं मी म्हणणार नाही. सकाळी तोंड धुऊन ओलसर चेहऱ्यावर मॉइश्चरायझर लाव, दहा मिनिटं थांब, मग सनस्क्रीन, आणि त्यावर डागांपुरतं कन्सीलर बोटाच्या टोकाने थोपटून, घासून नाही. रात्री परत आल्यावर कितीही दमलीस तरी ते सगळं धुऊन मगच झोप.

रिपोर्ट हातात आला की मला आकडे कळव. आणि त्या डबीबद्दल डॉक्टर काय म्हणाले तेही.

तुझी,
ताई